ड्रॉवरमधला जुना फोन, चार्जर, राउटर : निकाल कसा लावायचा (ठाणे, नवी मुंबईकरांसाठी)

घरोघरी तो एक खण असतोच. टीव्ही युनिटखालचा नाहीतर बेडरूमच्या कपाटातला सगळ्यात खालचा, आणि त्यात दोन जुने मोबाईल, स्क्रीन फुटलेला टॅब, कुठल्या फोनचे होते ते आता कोणालाच आठवत नाही असे चार्जर, एकाच कानात वाजणारा इयरफोन, नेटवाल्याने नवीन दिला तेव्हाचा जुना राउटर, ट्रिमर, दोन-चार रिमोट आणि मच्छर मारायची रॅकेट. असू दे, लागेल कधीतरी. ते कधीतरी काही येत नाही.

मला यात मुख्य सांगायचंय ते हे की या वस्तूंची सगळ्यात जास्त किंमत आपण त्या वापरायच्या बंद करतो त्या दिवशी असते, पैशातली पण आणि उपयोगातली पण. फोन ड्रॉवरमधे टाकला की त्याची बॅटरी बंद अवस्थेतसुद्धा हळूहळू उतरत जाते, पार तळाला गेली की मग ती चार्जच घेत नाही. वरून आपल्याकडचा पावसाळा, जून ते सप्टेंबर कपाटातल्या चामड्याच्या पट्ट्याला बुरशी येते तर चार्जिंगच्या पिनला गंज यायला कितीसा वेळ. सॉफ्टवेअरचे अपडेट तिकडे बंद झालेले असतात ते वेगळंच. म्हणजे आज जो फोन कोणाच्यातरी हातात अजून दोन-तीन वर्षं आरामात चालला असता तो तीन वर्षांनी तुम्ही बाहेर काढाल तेव्हा निव्वळ भंगार असतो. आपण जपून ठेवला म्हणतो, खरं तर सडवला. म्हणून आमच्या घरी आता नियम आहे, नवीन वस्तू आली की आठवड्याच्या आत जुनीचं काय ते ठरवायचं, आणि दिवाळीच्या सेलमधे घेतली असेल तर भाऊबीजेपर्यंत सूट.

आधी सगळं जमिनीवर ओता

रविवारी दुपारी जेवणं झाली की जुना पेपर पसरा आणि पूर्ण ड्रॉवर त्यावर रिकामा करा. घरातले सगळे हजर असताना करा, नाहीतर "माझा तो कुठे गेला" सुरू होतं.

पहिलं काम म्हणजे फुगलेल्या बॅटऱ्या शोधायच्या. फोनचं मागचं झाकण उचललेलं दिसतंय, स्क्रीन कडेने वर आलीये, पॉवर बँकेचं पोट सुटलंय, असं काहीही दिसलं की ती वस्तू चार्जिंगला लावायची नाही, दाबायची नाही, "बघू आत काय झालंय" म्हणून पिनने टोचायची तर अजिबातच नाही. लिथियम बॅटरीला आतून शॉर्ट लागला की ती भसकन पेटते, आणि सोबत विषारी धूर. अशी वस्तू स्टीलच्या डब्यात खाली कोरडी वाळू घालून ठेवा, झाकण घट्ट लावू नका, आणि डबा गॅलरीत सावलीत, लहान मुलांच्या हाताला लागणार नाही असा. मग शक्य तितक्या लवकर त्या कंपनीच्या सर्विस सेंटरला नेऊन द्या. लोकलच्या गर्दीत खिशात घालून नेऊ नका प्लीज.

आणि बॅटरी असलेली कुठलीच वस्तू सुक्या कचऱ्याच्या डब्यात टाकायची नाही. घंटागाडी किंवा मोठी गाडी कचरा दाबते, तिथे बॅटरी चिरडली की आग, आणि गाडीवर काम करणारी माणसं तिथेच उभी असतात. तुर्भ्याच्या डंपिंगवर जाऊन पडली तरी तीच गत. खणात सापडलेले सुटे सेल आणि बॅटऱ्या असतील तर त्यांच्या टोकांना चिकटपट्टी लावून बाजूला ठेवा, म्हणजे एकमेकांना घासून शॉर्ट होणार नाहीत. रॅकेट उघडू नका, स्विच बंद असला तरी आतल्या कपॅसिटरमधे (वीज साठवणारा पार्ट) करंट राहतो आणि सणसणीत झटका बसतो.

आता उरलेल्याचे ढीग करा : चालतंय ते, थोडक्यात दुरुस्त होईल ते, आणि मेलेलं. एवढं पुरे, फार बारीक वर्गीकरण करत बसलात तर संध्याकाळी सगळं परत ड्रॉवरमधेच जातं.

डेटा, आणि इथे घाई नको

लोक जुना फोन द्यायला घाबरतात ते यामुळेच, आणि भीती बरोबरच आहे. फोटो आहेत, आधार-पॅनचे फोटो आहेत, बँकेचे मेसेज आहेत. पण म्हणून ड्रॉवरमधे ठेवणं हा काही उपाय नाही, पुसून टाकणं हा उपाय आहे, आणि त्याचा एक क्रम आहे.

आधी फोटो आणि व्हॉट्सॲपचा बॅकअप घ्या. आई-बाबांच्या फोनमधे बऱ्याचदा नंबर गूगलवर सेव्ह नसतात, नुसते फोनमधे किंवा सिममधे असतात, ते तपासा. लॉगिनचे कोड देणारं ऑथेंटिकेटर ॲप वापरत असाल तर त्यातले कोड नवीन फोनवर हलवा, हे रीसेट करायच्या आधीच करायचं, नंतर डोक्याला हात लावायची वेळ येते. यूपीआय नवीन फोनवर सुरू करून एखादा रुपया पाठवून बघा आणि मगच जुन्यातून लॉगआऊट. व्हॉट्सॲपच्या लिंक्ड डिव्हाइसमधे एकदा डोकावा.

मग सेटिंगमधे जाऊन गूगल अकाऊंट काढा, सॅमसंग किंवा शाओमीचं वेगळं अकाऊंट असेल तर तेही काढा, स्क्रीन लॉक काढा, आणि शेवटी फॅक्टरी रीसेट. अकाऊंट न काढता रिकव्हरी मेनूतून डायरेक्ट रीसेट मारला तर फोन सुरू होताना जुनाच जीमेल आणि पासवर्ड मागतो, आणि ज्याला दिला तो बिचारा अडकतो, चोरीच्या फोनचा उपयोग होऊ नये म्हणून केलेली सोय आहे ती. आयफोनला फाइंड माय बंद करून आयक्लाऊडमधून साइन आऊट व्हायचं, नाहीतर तोही असाच कुलूपबंद राहतो. सिम काढा, मेमरी कार्ड काढा. कार्ड विसरणारे खूप असतात.

फोन फारच जुना असेल, साधारण २०१५ च्या आधीचा अँड्रॉइड, तर त्यात डेटा एनक्रिप्ट, म्हणजे कुलूपबंद सांकेतिक रूपात, झालेलाच असेल असं नाही, म्हणजे रीसेट करूनही कोणी ठरवलं तर काही फोटो परत काढू शकतो. त्याला साधा उपाय, रीसेट करा, मग कॅमेरा सुरू करून छताकडे तोंड करून व्हिडिओ रेकॉर्डिंग लावून द्या, मेमरी फुल झाली की परत रीसेट. जुन्या फोटोंच्या जागेवर आता पंख्याचा व्हिडिओ.

फोन सुरूच होत नसेल तर दुसऱ्या फोनवरून गूगल अकाऊंटच्या डिव्हाइस लिस्टमधे जाऊन त्याला साइन आऊट करा, महत्त्वाचे पासवर्ड बदला, आणि असा फोन फक्त रजिस्टर्ड रिसायकलरलाच द्या. हातोडा मारून फोडायचा सल्ला कोणी देईल, ऐकू नका, आत बॅटरी आहे.

राउटरलाही पुसायचं असतं, मागे बारीक भोकात रीसेट बटण असतं, चालू असताना पिनने दहा-पंधरा सेकंद दाबून धरा, वायफायचं नाव आणि पासवर्ड सगळं जातं. पण त्याआधी राउटर आणि सेट-टॉप बॉक्स तुमच्या मालकीचे आहेत ना ते बघा, बऱ्याच वेळा ते कंपनीचे असतात आणि परत केल्यावर डिपॉझिट मिळतं.

घरातच वापरायचं असेल तर

इंटरनेटवर जुन्या फोनचे पंचवीस उपयोग वगैरे वाचायला मिळतात. मी म्हणेन एक फोन घरात ठेवा, फार तर दोन, बाकी जाऊ द्या. खरंच कामाचे उपयोग मोजकेच आहेत. जुन्या फोनला ३.५ एमएमचं हेडफोनचं भोक असतं, म्हणजे घरातल्या जुन्या होम थिएटरला किंवा स्पीकरला ऑक्स वायरने जोडला की सकाळची भक्तिगीतं, क्रिकेटची कॉमेंट्री, सगळं चालतं आणि तुमचा रोजचा फोन मोकळा राहतो. आजीला नुसत्या वायफायवर व्हिडिओ कॉल आणि यूट्यूबपुरता द्यायला उत्तम, सिमची पण गरज नाही. लॅपटॉपचा वेबकॅम भिकार असेल तर फोनचा कॅमेरा वेबकॅम म्हणून लावता येतो, त्याची ॲप आहेत. दोघंही कामावर असताना मांजर काय करतंय किंवा शाळेतून मुलगी घरी पोचली का हे बघायला घरगुती सीसीटीव्ही होतो.

फक्त दोन गोष्टी. चोवीस तास चार्जरला टांगून ठेवू नका, सतत फुल चार्ज आणि गरम राहून बॅटरी फुगते. टायमरवाला सॉकेट मिळतो तो लावा, नाहीतर सकाळ-संध्याकाळ थोडा वेळ चार्ज करा, कव्हर काढून. आणि ज्या फोनचे सिक्युरिटी अपडेट बंद झालेत त्यात बँकेचं ॲप, यूपीआय काही ठेवायचं नाही, ओटीपीचं सिम तर त्यात घालूच नका.

लॅपटॉपचं थोडं सविस्तर सांगते कारण सध्या हा प्रश्न खूप घरात आहे. विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, आणि बऱ्याच जुन्या लॅपटॉपवर ११ अधिकृतपणे चढत नाही, त्यामुळे लोकांना वाटतं आता हा गेला. मशीन धडधाकट असतं हो. जुनी फिरणारी हार्ड डिस्क काढून एसएसडी (न फिरणारी, वेगवान डिस्क) टाकली की तोच लॅपटॉप एकदम तरतरीत होतो, हा फरक ज्याने बघितला नाही त्याला खरा वाटणार नाही. त्यावर विंडोजच्या जागी लिनक्स मिंट ही ऑपरेटिंग सिस्टीम टाका, फुकट आहे, ब्राउझर, यूट्यूब, शाळेचे प्रोजेक्ट, पत्र टाइप करणं सगळं होतं. किंवा गूगलची क्रोम ओएस फ्लेक्स. चार जीबी रॅमवर साधं काम चालतं, दोन जीबी असेल तर नाद सोडा. टॅलीवर किंवा ठराविक विंडोज सॉफ्टवेअरवरच काम असेल तर मात्र हा मार्ग तुमचा नाही. काढलेल्या हार्ड डिस्कला यूएसबी केसिंग मिळतं, त्यात घातली की फोटोंच्या बॅकअपला एक्स्टर्नल डिस्क तयार.

दुरुस्ती

स्टेशनजवळ, गोखले रोडला, वाशीला सेक्टर १७ मधे, मोबाईल रिपेअरवाल्यांची कमी नाही आपल्याकडे. "फोन स्लो झालाय" या तक्रारीतली बरीचशी खरं तर भरलेली मेमरी किंवा दमलेली बॅटरी असते, दोन्हीला नवीन फोन लागत नाही. बॅटरी बदलताना ओरिजिनल आहे का विचारा आणि शक्यतो कंपनीच्या सेंटरलाच बदला, स्वस्तातली डुप्लिकेट बॅटरी म्हणजे परत फुगणं आलं. माझा स्वतःचा हिशोब असा की दुरुस्ती नव्याच्या किमतीच्या तिसऱ्या हिश्श्याच्या आत होत असेल तर करून घ्यायची.

छोट्या गोष्टी घरी पण होतात. रिमोटमधे सेल फुटून पांढरं-हिरवट काहीतरी जमलं असेल तर हातमोजे घालून सेल काढा आणि कापसाच्या काडीवर थोडं व्हिनेगर किंवा लिंबाचा रस घेऊन पत्ती पुसा, अल्कलाइन सेलमधून गळालेलं ते अल्कली असतं, आंबटाने निघतं, मग कोरडं करा. मिक्सर गरागरा आवाज करतोय पण भांडं फिरत नाही तर बहुतेक वेळा कपलर (मोटर आणि भांडं जोडणारा पार्ट) झिजलेला असतो, आणि ठिणग्या उडत असतील तर कार्बन ब्रश. दोन्ही किरकोळ पार्ट, जांभळी नाक्याला किंवा कुठल्याही इलेक्ट्रिकच्या दुकानात विचारा. इस्त्रीची बहुतेक वेळा वायरच गेलेली असते. सरकारचं राइट टू रिपेअर पोर्टलही आहे डिसेंबर २०२२ पासून, त्यावर कंपन्यांची दुरुस्तीची आणि सुट्या पार्टची माहिती एका जागी बघता येते. पॉवर बँक मात्र दुरुस्त करायच्या भानगडीत पडू नका.

विकायचं किंवा द्यायचं

विकताना एक्सचेंज बोनसला भुलू नका, आधी दुकानदाराला एक्सचेंजशिवायची किंमत विचारा आणि मग फरक बघा, कधी कधी बोनस नव्या फोनच्या किमतीतच लपवलेला असतो. ओळखीच्या नसलेल्या माणसाला फोन विकत असाल तर स्टार-हॅश-०६-हॅश डायल करून आयएमईआय नंबर (प्रत्येक फोनचा स्वतंत्र ओळख क्रमांक) काढा, तो नंबर, तारीख आणि घेणाऱ्याची सही असलेली साधी चिठ्ठी करा, बिलाची झेरॉक्स स्वतःकडे ठेवा. आणि तुम्हीच सेकंडहँड घेत असाल तर इंग्रजीत KYM लिहून जागा सोडून त्या फोनचा पंधरा आकडी आयएमईआय नंबर १४४२२ ला मेसेज करा, फोन ब्लॅकलिस्टमधे आहे का ते कळतं. सरकारच्या संचार साथी पोर्टलवरही बघता येतं.

फुकट द्यायचा असेल तर आधी विचारा, मग द्या. कामाच्या मावशींच्या मुलाला, वॉचमन काकांना, येऊरच्या पाड्यांवर शिकवायला जाणाऱ्या एखाद्या ग्रुपला. सोबत चालणारा चार्जर द्या, फोन रीसेट करून, पुसून द्या, बॅटरी किती वेळ टिकते ते खरं सांगा. बंद पडलेली वस्तू दान म्हणून देणं म्हणजे आपला कचरा दुसऱ्याच्या दारात नेऊन ठेवणं, त्यांना तर तो टाकायला जागा पण नसते.

मेलेलं सगळं कुठे

भंगारवाल्याला देऊ का, हा पहिला प्रश्न येतो. पेपर, पत्रा, भांडी बिनधास्त द्या, तो माणूस शहराचं खूप मोठं काम करतो. पण सर्किट, वायरी आणि बॅटऱ्या त्याच्या मार्गाने पुढे जिथे पोचतात तिथे बऱ्याचदा तांब्यासाठी वायरी उघड्यावर जाळतात, वायरीवरचं पीव्हीसी प्लास्टिक जळलं की डायॉक्सिन नावाचं विष हवेत, आणि सोन्यासाठी बोर्ड ॲसिडमधे बुडवतात, उरलेलं ॲसिड नाल्यात. जुन्या सोल्डरमधलं शिसं त्या लोकांच्या अंगात जातं, त्यात पोरंही असतात. एक टन जुन्या फोनमधे एक टन खाणीच्या दगडापेक्षा कित्येक पट जास्त सोनं असतं, म्हणून तर हा धंदा चालतो. नीट कारखान्यात तेच काम मशीनवर, धूर अडवून होतं, आणि तांबं, ॲल्युमिनियम, सोनं, पॅलेडियम परत वापरात येतं. संयुक्त राष्ट्रांच्या २०२४ च्या अहवालाप्रमाणे २०२२ मधे जगात ६.२ कोटी टन ई-कचरा झाला आणि त्यातला जेमतेम २२.३ टक्के नोंदणीकृत मार्गाने गोळा होऊन रिसायकल झाला.

तुमच्या चार्जरवर बारीक बघा, चाकाच्या कचराकुंडीवर फुली मारलेलं चित्र असतं. साध्या कचऱ्यात टाकू नका असा त्याचा अर्थ. १ एप्रिल २०२३ पासून लागू झालेल्या ई-कचरा नियमांनुसार रिसायकलिंगची जबाबदारी मुळात बनवणाऱ्या कंपनीवर आहे, म्हणून आधी कंपनीच्या वेबसाइटवर किंवा माहितीपुस्तिकेत ई-कचऱ्यासाठीचा नंबर शोधा आणि फोन लावा. फोन उचलायला वेळ लावतात, चिकाटी ठेवा. दुसरा रस्ता म्हणजे रजिस्टर्ड रिसायकलर, त्यांची यादी केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या ई-कचरा पोर्टलवर आहे. तिसरा, आपल्या वॉर्ड ऑफिसला विचारा की सध्या ई-कचरा कुठे घेतात, आणि २६ जानेवारी, ५ जूनच्या आसपास संस्थांची संकलनं असतात त्यावर लक्ष ठेवा. सीएफएल आणि ट्यूबमधे पारा असतो, त्या न फोडता खोक्यात घालून द्या, घरात फुटली तर खिडक्या उघडा आणि झाडू न मारता जाड पुठ्ठ्याने गोळा करून बारीक कण चिकटपट्टीने उचला.

एका घराच्या दोन किलो वस्तूंसाठी गाडी येणार नाही हे उघड आहे, म्हणून हे काम सोसायटीत केलेलं परवडतं. आमच्याकडे घोडबंदर रोडला आम्ही नवरात्रात खोका ठेवतो, कारण दिवाळीची साफसफाई तेव्हाच सुरू होते आणि लोकांच्या हातात वस्तू असतात. खोका वॉचमनच्या नजरेसमोर, सावलीत, आणि मीटर रूममधे चुकूनही नाही. बॅटऱ्या वेगळ्या, वाळूच्या स्टीलच्या डब्यात, फुगलेली असेल तर खोक्यात घ्यायचीच नाही, ज्याची त्याने सर्विस सेंटरला न्यायची. फोन आणि लॅपटॉप उघड्या खोक्यात टाकायचे नाहीत, ते सोसायटी ऑफिसच्या कपाटात नाव लिहून, नाहीतर चांगल्या वस्तू रात्रीतून गायब होतात आणि डेटा पण. खोक्यावर मोठ्या अक्षरात लिहा काय चालेल आणि काय नाही, तरीही कोणीतरी फुटकी बादली आणि मोडलेली छत्री टाकतंच. दिवाळी आटोपली की खोका हलवायचा, वर्षभर ठेवला तर त्याचा उकिरडा होतो. वजन कमी भरलं तर शेजारच्या दोन सोसायट्यांना सोबत घ्या, मग गाडीवाला हो म्हणतो.

गाडी आली की नोंदणी क्रमांक विचारा, वजन समोर करून पावती घ्या, आणि ज्या फोन-लॅपटॉपमधला डेटा पुसता आला नव्हता त्यांच्यासाठी डेटा नष्ट केल्याचं सर्टिफिकेट लेखी मागा. द्यायला टाळाटाळ केली तर तेवढे नग ठेवून घ्या आणि बाकीचा माल जाऊ द्या.